ट्रेसपास म्हणजे नक्की काय? कलमांच्या बागेला पाटी लावायचीय

हापूसवाडी
नमस्कार मंडळी, भाषेचा आणि थोडा कायद्याचा प्रश्न आहे म्हणून इथे टाकतोय. राजापूर तालुक्यात आमची आंब्याच्या कलमांची बाग आहे, आम्ही भावंडं सगळी ठाणे-डोंबिवलीला, बागेत राखणदार आहे पण तो एकटा कुठे कुठे बघणार. बाजूचा रस्ता डांबरी झाला तेव्हापासून गाड्या थांबतात, लोक गडगा चढून आत येतात, फोटो काढतात, डबे खाऊन कागद तिथेच टाकतात आणि मे महिन्यात आंबेही उतरवतात. चुलतभाऊ म्हणतो इंग्रजी पाटी लाव, 'ट्रेसपासर्स विल बी प्रॉसिक्यूटेड', लोक वचकतात. आईचं म्हणणं पाटी मराठीतच पाहिजे. मी ते वाक्य मोबाइलवर भाषांतराला टाकलं तर आलं 'अतिक्रमण करणाऱ्यांवर खटला भरला जाईल'. आता अतिक्रमण म्हटलं की डोळ्यासमोर महापालिकेची गाडी आणि उचललेल्या टपऱ्या येतात, फोटो काढायला आत शिरलेला माणूस येत नाही. तर ट्रेसपास या क्रियापदाचा नेमका अर्थ काय? इंट्रूड, बार्ज इन, गेटक्रॅश हे पण न बोलावता आत येणंच ना, मग फरक कुठे? आणि खरंच खटला होतो का?

जुनीशाळा
इंग्रजी शिकवण्यात जन्म गेला त्यामुळे भाषेपुरतं मी सांगते, कायद्याचं कुणी वकील असतील तर बोलतील.

ट्रेसपास इंग्रजीत आला जुन्या फ्रेंचमधून, तिथे त्याचा अर्थ पलीकडे जाणं, ओलांडणं. आणि आपला अतिक्रमण शब्द अगदी त्याच घडणीचा आहे, अति म्हणजे पलीकडे आणि क्रम म्हणजे पाऊल टाकणं. म्हणजे कोशवाल्यांनी शब्द चुकीचा दिला नव्हता. घोळ नंतर झाला, कारण रोजच्या मराठीत अतिक्रमण हा शब्द एन्क्रोचमेंटसाठी पक्का बसला. एन्क्रोच म्हणजे हळूहळू सरकत दुसऱ्याची जागा घशात घालणं, आज कुंपण हातभर पुढे, पुढच्या पावसाळ्यात आणखी हातभर. ट्रेसपास करणारा पाच मिनिटांत येऊन निघून जाऊ शकतो, एन्क्रोच करणारा पत्रा ठोकून बसतो. तुमच्या पाटीवर अतिक्रमण लिहिलंत तर वाचणाऱ्याला वाटेल इथे जमिनीचा वाद चालू आहे.

आता बाकीची भावंडं. बार्ज इन मध्ये दोष येण्याच्या रीतीत असतो, दार न वाजवता, चाललेलं बोलणं तोडून धाडकन आत घुसणं. घरातला माणूससुद्धा बार्ज इन करतो, बहीण भावाच्या खोलीत करते, परवानगीचा तिथे प्रश्नच नाही. गेटक्रॅश फक्त समारंभाला, जिथे आमंत्रण लागतं किंवा तिकीट लागतं तिथे. इंट्रूड मध्ये कुणाच्या तरी एकांताला धक्का लागतो, म्हणून इंग्रज माणूस दारात उभा राहून 'आय होप आय ॲम नॉट इंट्रूडिंग' म्हणतो आणि आपण 'डिस्टर्ब तर नाही ना केलं' म्हणतो. त्या शब्दात ढकलणं आहे, लॅटिनमधला मूळ अर्थच आत रेटणं असा. ब्रेक इन म्हणजे काहीतरी तोडून-फोडून आत.

ट्रेसपासला यातलं काहीच लागत नाही. घरात कुणी नसताना, आवाज न करता, चपला बाहेर काढून नम्रपणे तुमच्या अंगणात कुणी आला तरी तो ट्रेसपास, कारण हद्द तुमची आणि यायचा हक्क त्याला नव्हता. हद्द आणि हक्क, एवढ्या दोनच गोष्टी बघायच्या. शिक्षकी सवयीने आणखी एक सांगते, आपल्याकडे सर्रास 'ही ट्रेसपास्ड माय लँड' लिहितात, प्रमाण इंग्रजीत त्याला ऑन लागतं, ट्रेसपास ऑन माय लँड. आणि जमिनीशिवाय पण चालतं, कुणाच्या पाहुणचाराचा, वेळेचा जास्त फायदा घेतला तरी ट्रेसपास ऑन म्हणतात, ते जरा पुस्तकी आहे.

मीनल_नळस्टॉप
मग लग्नाच्या हॉलमध्ये न बोलावता जेवून जाणारे गेटक्रॅशर. आमच्याकडे दर मुहूर्ताला दोन-चार असतातच, वधूपक्षाला वाटतं वरपक्षाचे आणि वरपक्षाला वाटतं वधूपक्षाचे.

जुनीशाळा
@मीनल बरोबर. आणि ते फक्त लग्नातच होतं असं नाही, नोव्हेंबर 2009 मध्ये मनमोहनसिंगांच्या सन्मानार्थ व्हाइट हाउसमध्ये मेजवानी होती तिथे एक जोडपं यादीत नाव नसताना नटूनथटून आत गेलं, ओबामांशी हस्तांदोलन करतानाचा त्यांचा फोटो आहे. सगळ्या इंग्रजी पेपरांनी गेटक्रॅशच लिहिलं. कुंपण चढले नव्हते ना ते, सरळ गेटमधून तपासणी होऊन गेले.

2012 च्या लंडन ऑलिंपिकचं तर याहून विचार करण्यासारखं आहे. उद्घाटनाच्या संचलनात सुशील कुमारच्या हातात तिरंगा आणि त्याच्या बाजूने लाल शर्ट, निळी पँट घातलेली एक मुलगी चालत होती, आपल्या पथकाला कळेना ही कोण. ती त्याच सोहळ्यात काम करणाऱ्या कलाकारांपैकी होती म्हणजे स्टेडियममध्ये यायची तिला रीतसर परवानगी होती, संचलनात चालायची नव्हती. तेव्हा आत यायला परवानगी असणं आणि आतल्या प्रत्येक जागेची परवानगी असणं या दोन गोष्टी वेगळ्या, आणि ट्रेसपासला पण हे जसंच्या तसं लागू होतं.

वकील_करवीर
बाईंनी शेवटी जे सांगितलं तिथूनच कायदा सुरू होतो. मी दिवाणी आणि फौजदारी दोन्ही बघतो.

हापूसवाडी साहेब, ट्रेसपास दोन प्रकारचा, दिवाणी आणि फौजदारी, आणि पाटीवरचा प्रॉसिक्यूटेड हा शब्द फक्त दुसऱ्याला लागतो. दिवाणीमध्ये तुमच्या ताब्यातल्या जमिनीत विनाहक्क पाऊल पडलं की झालं, नुकसान झालंच पाहिजे असंही नाही, तुम्ही मनाई हुकूम मागू शकता, भरपाई मागू शकता. फौजदारीला नुसतं पाऊल पुरत नाही, मनात काय होतं ते बघतात. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 441, आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 329. गुन्हा करण्याच्या, किंवा ताब्यात असलेल्या माणसाला धमकावण्याच्या, अपमान करण्याच्या, त्रास देण्याच्या इराद्याने आत आला तरच तो फौजदारी ट्रेसपास. आणि दुसरा भाग लोक विसरतात, रीतसर आत आला पण त्याच इराद्याने आत थांबून राहिला तरी तोच गुन्हा. शिक्षा 3 महिन्यांपर्यंत कैद किंवा 5000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, जुन्या संहितेत दंड 500 होता. घरात शिरला तर तो हाउस-ट्रेसपास, तिथे 1 वर्षापर्यंत.

घर म्हणजे कायद्यात काय ते पण बघा, माणूस राहतो अशी इमारत तर आलीच, पण राहता तंबू, राहतं जहाज, देऊळ-मशीद, मालाचं गोदाम सगळं आलं. आणि आत शिरला कधी म्हणायचं? शरीराचा कुठलाही भाग आत गेला की पुरे. खिडकीच्या गजातून हात घालून टेबलावरचा मोबाइल ओढणारा बाहेर उभा असला तरी कायद्याने तो घरात शिरलेला आहे. शिकाऊ वकिलांना हे मी पहिल्या आठवड्यात सांगतो, त्यांना खरं वाटत नाही.

तुमच्या बागेपुरतं म्हणाल तर, फोटो काढून गेलेल्या माणसावर फौजदारी टिकणं अवघड. सांगूनही जात नाही, राखणदाराशी हुज्जत घालतो, तर इरादा दिसतो. आंबे काढायच्या इराद्याने आला तर सरळच आहे, चोरी वेगळी आणि ट्रेसपास वेगळा, दोन्ही लागतात. फळ झाडाला आहे तोवर ते जमिनीचा भाग, तोडून हलवलं की चोरी.

शब्दाचं म्हणाल तर कायद्याच्या मराठीत फौजदारी अतिक्रमण, गृह-अतिक्रमण असेच शब्द आहेत. फिर्याद लिहिताना मात्र हवालदार 'विनापरवानगी घरात प्रवेश करून' असंच लिहितो आणि मला ते जास्त बरोबर वाटतं.

लीड्सकर
इंग्लंडात राहतो म्हणून लिहितोय, त्या पाटीचं माहेरच इथलं. इथे साध्या ट्रेसपासवर पूर्वापार फौजदारी नाहीच, तो दिवाणी मामला, त्यामुळे 'विल बी प्रॉसिक्यूटेड' लिहिलेल्या पाट्यांना इथले कायदेवाले लाकडी थापा, म्हणजे लाकडी पाटीवरच्या पोकळ धमक्या, म्हणत आलेत. जमीनदारांनी शंभर-दीडशे वर्षं त्या लावल्या आणि लोक घाबरत राहिले.

किती टोकाला जातं बघा, 9 जुलै 1982 ला एक माणूस बकिंगहॅम राजवाड्यावर पाइपवरून चढून थेट राणीच्या झोपायच्या खोलीत पोचला, राणी जागी झाली तर हा समोर. आणि त्याच्यावर ट्रेसपासचा खटला भरता आला नाही, कारण तो गुन्हाच नव्हता! महिनाभर आधी पण तो एकदा घुसला होता तेव्हा वाइन प्यायला होता, त्या वाइनच्या चोरीचा खटला भरला आणि त्यातूनही ज्यूरीने सोडला. मग 2005 चा कायदा आला, काही ठरावीक जागांवर ट्रेसपास हा गुन्हा ठरवला आणि 2007 मध्ये राजवाडे त्या यादीत घातले. त्या माणसाला इथे सगळे इंट्रूडर म्हणतात, ट्रेसपासर फारसं कुणी म्हणत नाही, जुनीशाळा बाईंनी सांगितलेला एकांताचा मुद्दा इथे अगदी दिसतो.

पण मला या शब्दाची जी बाजू मनापासून महत्त्वाची वाटते ती वेगळीच आहे. आमच्या दक्षिणेला पीक डिस्ट्रिक्ट आहे, तिथे किंडर स्काउट नावाचं पठार. मँचेस्टर आणि शेफील्डचे गिरणी-कारखान्यातले कामगार आठवडाभर धुरात काढायचे आणि रविवारी डोंगरावर जायचे, पण पठार बंद, कारण सरदार लोकांना तिथे ग्राउस पक्ष्यांची शिकार करायची असे, वर्षातले थोडेच दिवस, तरी बाकी वर्षभर राखणदार काठ्या घेऊन उभे. 24 एप्रिल 1932 ला काहीशे पोरं-पोरी ठरवून, गाणी म्हणत वर चढले. त्याला नाव दिलं मास ट्रेसपास. हो, स्वतःच दिलं, समोरच्यांनी शिवी म्हणून वापरायचा शब्द यांनी आधीच छातीवर लावला. राखणदारांशी झटापट झाली, सहा जण पकडले, पाच जणांना 2 ते 6 महिने तुरुंग झाला. त्यात बेनी रॉथमन नावाचा वीस वर्षांचा मेकॅनिक होता, त्याला 4 महिने. आणि कलमं कुठली? दंगल, मारहाण असली. ट्रेसपासचं कलम लावताच येत नव्हतं.

1949 मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला, 1951 मध्ये पीक डिस्ट्रिक्ट ब्रिटनचं पहिलं राष्ट्रीय उद्यान झालं, 2000 च्या कायद्याने माळरान-डोंगरावर पायी फिरायचा हक्क मिळाला. 2002 मध्ये, सत्तर वर्षांनी, तेव्हाच्या जमीनमालक ड्यूकच्या नातवाने तिथे येऊन जाहीर माफी मागितली. मी त्या पठारावर मुलांना घेऊन जातो, जिथून ते चढले तिथे दगडाच्या खाणीत फलक आहे, मुलांना वाचायला लावतो.

रानवाट
वा लीड्सकर, हे माहीत नव्हतं. सह्याद्रीत फिरणाऱ्या सगळ्यांनी वाचावं.

चवदार
लीड्सकरांनी विषय काढला म्हणून, आपल्याकडचं याहून पाच वर्षं आधीचं. 20 मार्च 1927 ला डॉ. आंबेडकर महाडला चवदार तळ्यावर गेले, पाणी प्यायले, बरोबर हजारो माणसं. तळं सार्वजनिक, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करायचा मुंबई कायदे मंडळातला रावबहादूर बोल्यांचा ठराव 1923 चा, महाड नगरपालिकेने तळं सगळ्यांना खुलं केल्याचा ठराव 1924 चा. म्हणजे हक्क कागदावर होताच.

मग समोरच्या सवर्णांनी डिसेंबर 1927 मध्ये काय केलं? कोर्टात जाऊन सांगितलं की हे तळं सार्वजनिक नाहीच, खाजगी आहे, चौधरी तळं आहे. का, कारण एकदा जागा खाजगी ठरवली की पाणी पिणारा आपोआप हक्क नसलेला ठरतो. तात्पुरता मनाई हुकूम मिळाला आणि त्यामुळे डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी लोकांना तळ्यावर जाण्यापासून थांबवलं, कोर्टाचा मान राखला, लढले. निकाल लागायला 17 मार्च 1937 उजाडला, मुंबई हायकोर्टाने सवर्णांचं अपील फेटाळलं. दहा वर्षं एकाच गोष्टीवर गेली, हद्द कुणाची.

आणि या सगळ्या लढ्यांना आपण प्रवेश म्हणतो बघा, मंदिरप्रवेश, काळाराम मंदिरप्रवेश. आत जाणाऱ्याचा हक्क मान्य करणारा शब्द आहे तो. माझ्या आजोबांच्या तोंडी कायम हाच शब्द असायचा, घुसलो असं ते कधी म्हणाले नाहीत.

हापूसवाडी
@चवदार मनापासून धन्यवाद, हा खटला मला फक्त नावाने माहीत होता, तळं खाजगी असल्याचा दावा होता हे आज कळलं.

रूळांवरून
रेल्वेतून निवृत्त आहे. मुंबईत ट्रेसपास हा शब्द सगळ्यात जास्त वेळा कुठे लिहिला जात असेल तर आमच्याकडे. रेल्वे अधिनियम 1989, कलम 147, विनाहक्क रेल्वेच्या हद्दीत शिरला किंवा रीतसर शिरून सांगितल्यावर बाहेर जायला तयार नाही, तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 1000 रुपयांपर्यंत दंड. इथे इरादा वगैरे काही बघत नाहीत वकीलसाहेब, रूळ ओलांडले की झालं. मराठी घोषणेत 'रूळ ओलांडणे हा गुन्हा आहे' म्हणतात ते शब्दशः बरोबर आहे, ओलांडणंच ना मूळ अर्थ.

पण एक गोष्ट लोकांना कळावी म्हणून लिहितो. रुळाजवळ माणूस मरून पडलेला सापडतो. तो गाडीतून गर्दीत पडला की रूळ ओलांडताना उडाला, हे बघणारा बरेचदा कुणी नसतो. पंचनाम्यात लाइन क्रॉसिंग लिहिलं तर तो ट्रेसपासर, घरच्यांना काही नाही. गाडीतून पडलेला प्रवासी ठरला तर रेल्वे दावा न्यायाधिकरणातून भरपाई, मृत्यूला 1 जानेवारी 2017 पासून 8 लाख रुपये, आधी 4 लाख होते. तिकीट खिशात सापडलं नाही म्हणून प्रवासी नाही असं म्हणता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने 2018 मध्ये रीना देवी प्रकरणात स्पष्ट केलंय, घरच्यांनी शपथपत्र दिलं की ते खोडून काढायची जबाबदारी रेल्वेवर जाते. म्हणून कुणावर अशी वेळ आली तर पंचनाम्याची प्रत आधी मागून घ्या आणि मृतदेह रुळांपासून कुठे होता, पास होता का, मोबाइलवर तिकीट होतं का, सगळं त्याच दिवशी बघा. त्या एका शब्दावर विधवा बाईचा आणि पोरांचा संसार अडलेला मी बघितलाय.

मीनल_नळस्टॉप
हे शेअर करते, खूप जणांना उपयोग होईल.

सड्यावरून
हापूसवाडीकर दादा, मी तुमच्याच बाजूचा. पाटी लावा, पण लावायच्या आधी एक विचारतो, राग मानू नका. तुमच्या बागेतनं गावची वाट जाते का? आमच्याकडे अर्ध्या बागांतनं व्हाळाकडे म्हणजे ओढ्याकडे, सड्यावर म्हणजे वरच्या कातळाच्या माळावर, देवळाकडे पायवाटा आहेत, आजोबा-पणजोबांपासून. मुंबईवाले येतात, गडगा घालतात, बेड्याला म्हणजे कुंपणाच्या फाटकाला कुलूप लावतात, पाटी लावतात आणि म्हातारी लाकडाची मोळी घेऊन तिथेच उभी. ती त्या वाटेने लग्न होऊन आली त्या दिवसापासून जातेय आणि आज ती ट्रेसपासर?

हापूसवाडी
राग कसला, बरं झालं विचारलंत. वाट आहे. बागेच्या खालच्या अंगाने व्हाळाकडे जाते, वाडीतली माणसं, गुरं तिथूनच जातात, आम्ही कधी अडवली नाही. पण नवीन तारेच्या कुंपणात चुलतभावाने ती बंद करायची म्हटलं होतं. तिचं कायद्यात काय?

वकील_करवीर
सड्यावरून यांनी मुद्द्याचं विचारलं, मीच आधी विचारायला हवं होतं असं म्हणत नाही कारण प्रश्न पाटीचा होता, पण आता नीट ऐका.

वहिवाट. भारतीय सुविधाधिकार कायदा 1882, कलम 15. एखादी वाट 20 वर्षं उघडपणे, शांतपणे, खंड न पडता, हक्क म्हणून वापरली असेल तर तो वापरणाऱ्याचा हक्क बनतो. हक्क म्हणून हे महत्त्वाचं, दरवेळी तुमची परवानगी विचारून जात असतील तर हक्क तयार होत नाही. तुमच्या सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद आहे का ते बघा, नोंद नसली म्हणजे हक्क नाही असं मात्र नाही. आणि वाट अडवली तर ते लोक तहसीलदाराकडे जातील, मामलेदार न्यायालय अधिनियम 1906 चं कलम 5, अडवल्यापासून 6 महिन्यांच्या आत अर्ज करायचा, तहसीलदार जागेवर येऊन पंचनामा करतो आणि अडथळा काढायला लावतो. असल्या केसेस माझ्याकडे ढिगाने आहेत आणि बहुतेक सगळ्या भावकीत आहेत. तेव्हा वाटेने जाणारा ट्रेसपासर नाही. वाट सोडून कलमाखाली शिरला तर तो झाला. कुंपणात तिथे माणसं आणि गुरं जातील एवढी जागा सोडा.

हापूसवाडी
आत्ताच चुलतभावाशी बोललो, तो पण कोकणातलाच आहे शेवटी, पटलं त्याला. वाटेच्या जागी बेडं ठेवतोय, कुलूप नाही. पाटी अशी ठरली: 'खाजगी बाग. परवानगीशिवाय आत येऊ नये. व्हाळाकडची वाट डावीकडून.' खटल्याचं काही लिहीत नाही.

जुनीशाळा
छान. साध्या शब्दांत सगळं आलं. 'आत येऊ नये' मध्ये सक्त आणि सभ्य दोन्ही आहे.

आगरकन्या
उशिरा आले धाग्यावर पण माझा पण प्रश्न त्यातलाच. शेजारच्यांच्या आंब्याच्या फांद्या भिंतीवरून आमच्या अंगणात आल्यात, पार ओटीवर सावली. फांदीने केलेला ट्रेसपास म्हणायचा का? आणि त्यावरचे आंबे कुणाचे, घरात रोज भांडण आहे.

वकील_करवीर
ताई, इंग्लंडात याच्यावर जुने निकाल आहेत आणि आपली कोर्टं पण त्याच विचाराने चालतात. हवेतली हद्द पण तुमचीच असते, 1957 मध्ये एका तंबाखू कंपनीची पाटी शेजारच्या दुकानावर जेमतेम 8 इंच पुढे आली होती, कोर्टाने त्याला ट्रेसपास म्हटलं आणि काढायला लावली. फांदीचं वेगळं, पाटी माणूस लावतो आणि फांदी आपोआप वाढते, म्हणून तिला उपद्रव म्हणतात, न्यूसन्स. तुमच्या हद्दीत आली तेवढी फांदी तुम्ही तुमच्या बाजूने उभं राहून छाटू शकता, शेजाऱ्याच्या अंगणात पाय टाकलात तर मात्र ट्रेसपास तुमचा. आधी सांगून छाटा, कायद्याला गरज नसली तरी शेजार टिकतो. आणि फळाचं सरळ आहे, 1919 चा निकाल आहे, एकाने शेजाऱ्याच्या सफरचंदाच्या फांद्या छाटल्या आणि फळं विकली, कोर्टाने पैसे परत द्यायला लावले. फांदी तुमच्या अंगणात आली तरी आंबे झाडवाल्याचे.

आगरकन्या
म्हणजे सासूबाई बरोबर होत्या. संध्याकाळी टोपली भरून त्यांच्याकडे देऊन येते, आणि छाटणीचं पण तेव्हाच बोलते.